पोलिश भाषा आणि पोलिश राष्ट्र

पोलंडच्या इतिहासाचा परिचय करून देताना एक सूत्र हटकून सांगितले जाते : १७९५ ते १९१८ या १२३ वर्षांत पोलंडचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले, परंतु भाषेने राष्ट्र जगविले. हे सूत्र खोटे नव्हे. मात्र त्यात अर्धाच इतिहास येतो. १७९५ मध्ये जे राष्ट्र अस्तंगत झाले त्याचा पाया भाषा हा नव्हता. १९१८ मध्ये जे उदयास आले त्याचा पाया प्रामुख्याने भाषाच होता. या स्थित्यंतरात काय साधले आणि काय गमावले, हे पाहिल्यावाचून पोलिश राष्ट्रजीवनाचे आकलन होणे कठीण आहे.

९६६ मध्ये मिएश्को या शासकाने रोमन पंथाचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबरोबरच लॅटिन भाषा व लिपी पोलंडात आली. पुढे कित्येक शतके धर्म, न्याय व राजकारभार यांची भाषा लॅटिन राहिली. पोलिश भाषेतील पहिले ज्ञात संपूर्ण वाक्य आढळते ते सायलीशियातील हेन्रिकूव येथील मठाच्या लॅटिन इतिवृत्तात, सुमारे १२७० मधील. जात्यावर दळीत बसलेल्या पत्नीस तिचा पती, आता आपण दळतो, तिने विसावा घ्यावा, असे सांगतो, एवढाच त्या वाक्याचा आशय. जात्याची थोरवी मराठी वाचकांस निराळी सांगावयास नको. परंतु मौज अशी की, हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे तो गृहस्थ मूळचा चेक होता. पोलिश वाङ्मयाच्या इतिहासाचा हा उगम अशा रीतीने प्रारंभीच मिश्र आहे.

हे मिश्रण पुढे राज्यरचनेतही उतरले. १५६९ च्या लुब्लिन येथील करारान्वये पोलंड व लिथुएनिया यांचे संयुक्त राज्य स्थापन झाले. राजा निवडणुकीने येई आणि निवडणुकीचा अधिकार ‘श्लाख्ता’ म्हणजे उमराव वर्गास असे. हा वर्ग लोकसंख्येच्या सुमारे आठ ते दहा टक्के, म्हणजे तत्कालीन युरोपच्या मानाने फारच मोठा होता. ‘राष्ट्र’ या शब्दाने बोध होई तो याच वर्गाचा, आणि या राष्ट्राचे सदस्यत्व भाषेवर नव्हे तर हक्कांवर अवलंबून असे. लिथुएनियाच्या दप्तरी रुथेनियन भाषा १६९७ पर्यंत अधिकृत होती. ग्दान्स्कचे व्यापारी जर्मन बोलत, ज्यू वस्त्यांत यिडिश चाले. १५७३ च्या वॉर्सा येथील ठरावाने भिन्न पंथीयांत शांतता राखण्याची हमी दिली, तीही ज्या काळी फ्रान्स धर्मयुद्धात होरपळत होता त्या काळी. एका सदस्याच्या नकाराने संपूर्ण संसदेचे कार्य थांबविणारा नकाराधिकार १६५२ पासून रूढ झाला व राज्याच्या ऱ्हासास कारणीभूत ठरला, हे पाठ्यपुस्तकांतून सर्वश्रुत आहे. कमी सांगितले जाते ते हे की, या राष्ट्रात शेतकऱ्यास स्थान नव्हते. तो बहुधा भूदास होता, मग त्याची बोली पोलिश असो वा रुथेनियन.

राज्याची पहिली फाळणी १७७२ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण आयोगाची स्थापना झाली आणि त्याच्या शाळांसाठी ओनुफ्री कोपचिन्स्की यांनी पोलिश व्याकरण रचिले. ३ मे १७९१ रोजी लिखित राज्यघटना संमत झाली; तथापि १७९३ व १७९५ च्या फाळण्यांनी सारेच संपुष्टात आले. यानंतरचे मोठे कार्य कोशाचे. साम्युएल बोगुमिल लिंडे यांचा सहा खंडांचा पोलिश शब्दकोश १८०७ ते १८१४ या काळात वॉर्सा येथे प्रसिद्ध झाला. लिंडे यांच्या घरची भाषा जर्मन होती. नष्ट झालेल्या राज्याची शब्दसंपत्ती एका जर्मनभाषक घरातील विद्वानाने सुरक्षित करावी, यात पोलंडातील कोणालाही विपरीत वाटले नाही, कारण जुन्या राष्ट्रकल्पनेत ते विपरीत नव्हतेच. मित्स्क्येविच या पोलिश राष्ट्रकवीचा जन्मही आज बेलारूसमध्ये असलेल्या प्रदेशातला, आणि १८३४ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाकाव्यात आरंभीचे आवाहन आहे ते लिथुएनियास.

भाषा एक असली म्हणजे राष्ट्र एक होते, या समजुतीस पहिला तडाखा १८४६ मध्ये बसला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात उमरावांनी स्वातंत्र्यासाठी उठावाची सिद्धता केली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांच्याच वाड्यांवर चाल केली. सुमारे हजार माणसे मारली गेली. मारणारे व मरणारे दोघेही पोलिशभाषक होते. पण शेतकऱ्यांना सम्राट जवळचा वाटत होता, जमीनदार नव्हे. हा शेतकरी राष्ट्रात आला तो दास्यविमोचनानंतर, आणि बऱ्याच अंशी परकीय शासनाच्या शाळेमुळे. प्रशियन मुलखात पोलिश भाषा शाळांतून पायरीपायरीने हद्दपार करण्यात आली; अखेर धर्मशिक्षण तेवढे उरले. तेही जर्मनमधून सुरू होताच १९०१ मध्ये व्झेश्निया या लहानशा गावी मुलांनी उत्तरे देण्याचे नाकारले. मुलांना छड्या बसल्या आणि निषेध करणाऱ्या पालकांना तुरुंगवास घडला. १९०६-०७ मध्ये हजारो मुलांनी शालेय संप केला. कवींच्या आवाहनांनी जे साधले नव्हते ते छडीने साधले.

रशियन मुलखात १८६३ च्या उठावानंतर वॉर्साचे पोलिश उच्च विद्यालय १८६९ मध्ये बंद होऊन त्याजागी रशियन विद्यापीठ आले. त्याच विद्यालयात शिकलेले यान बोदुएन द कूर्तने पुढे कझान येथे प्राध्यापक झाले. स्वनिमाची आधुनिक संकल्पना त्यांनी व त्यांचे शिष्य क्रुशेव्स्की यांनी घडविली, हे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस ठाऊक असतेच. त्यांचे राजकीय चिंतन मात्र उपेक्षित राहिले. राष्ट्रीयत्व हा व्यक्तीने स्वतः ठरवावयाचा विषय आहे, ते कोणावर लादता येत नाही, असे त्यांचे मत होते. स्वायत्ततेविषयीच्या १९१३ मधील पुस्तिकेमुळे त्यांना रशियन तुरुंगात जावे लागले. परंतु त्यांच्या मताचा रोख केवळ रशियाकडे नव्हता. गॅलिशियात १८६७ नंतर पोलिश भाषेला शाळा, न्यायालये व विद्यापीठे लाभली, तेव्हा तेथील युक्रेनियनांची भाषा पोलिशांनीच दुय्यम ठरविली होती.

स्वतंत्र पोलंडात हाच प्रश्न उग्र रूपाने पुढे आला. १९२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल्पसंख्याकांनी बोदुएन यांचे नाव सुचविले. विजयी झाले नारुतोविच. पण अल्पसंख्याकांच्या मतांवर निवडून आल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि पदग्रहणानंतर पाचव्याच दिवशी एका राष्ट्रवाद्याने त्यांची हत्या केली. १९३१ च्या जनगणनेत पोलिश मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ टक्के होते. पोलेसी प्रांतातील सात लाखांहून अधिक लोकांच्या भाषेची नोंद ‘इथली’ अशी झाली. या नोंदीमागे प्रशासनाची सोय किती आणि लोकांचे मत किती याविषयी वाद आहे. परंतु राष्ट्राच्या चौकटीत न बसणारी माणसे तेथे होती, हे निर्विवाद.

दुसऱ्या महायुद्धाने ही चौकटच बदलली. नोव्हेंबर १९३९ मध्ये क्राकूव विद्यापीठाचे प्राध्यापक जर्मनांनी छळछावणीत धाडले. त्यांत बोलीविज्ञानाचे प्रवर्तक काझिमिएश नित्श होते. पूर्वेकडील लक्षावधी नागरिकांना सोव्हिएत शासनाने सायबेरिया व कझाकस्तानात नेले. त्यांतीलच काही हजार, मुख्यतः स्त्रिया व मुले, इराणमार्गे १९४३ मध्ये कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आली आणि १९४८ पर्यंत तेथे पोलिश शाळा चालल्या. युद्धात पोलंडचे सुमारे तीस लाख ज्यू नागरिक मारले गेले आणि यिडिशचे एक विश्वच लोपले. १९४५ नंतर सीमा पश्चिमेस सरकल्या, युक्रेनियन व जर्मन स्थलांतरित झाले. पोलंड इतिहासात प्रथमच जवळजवळ एकभाषक झाले.

जवळजवळच, कारण उत्तरेकडील कशुबियन भाषेला २००५ च्या कायद्याने प्रादेशिक भाषेचा दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत साडेचार लाखांहून अधिक लोकांनी घरी सायलीशियन बोलत असल्याचे सांगितले, आणि तिलाही तोच दर्जा देणारे विधेयक संसदेने २०२४ मध्ये संमत केले. ती भाषा नसून पोलिशची बोली आहे, असे कारण देऊन राष्ट्राध्यक्षांनी ते परत पाठविले. हेन्रिकूवचे ते वाक्य सायलीशियातलेच.