स्टीअरिंगचा सांधा जुळविताना

जुन्या मोटारीचे इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ब्रेक कमजोर झाले तर पेडल खोल जाऊन आधी थोडीफार सूचना देते. स्टीअरिंगचा सांधा निसटला, तर मात्र चालकाच्या हातातले चाक नुसतेच गरगर फिरते आणि गाडी मनाला येईल तिकडे जाते. म्हणूनच एका गाडीचा स्टीअरिंग कॉलम आणि दुसऱ्याच गाडीचा स्टीअरिंग बॉक्स यांची सोयरीक जुळविणे हे जुन्या मोटारींच्या पुनर्बांधणीतील सर्वांत जोखमीचे काम मानले जाते.

चालकाच्या हातातील चाकापासून खाली उतरणारा दांडा आणि त्याला आधार देणारी बाहेरची नळी मिळून स्टीअरिंग कॉलम होतो. स्टीअरिंग बॉक्स चासीला बोल्टने पक्का बसविलेला असतो. चाकाच्या अनेक फेऱ्यांचे रूपांतर तो पिटमन आर्म या दांडीच्या लहानशा पण जोरकस हालचालीत करतो. हे दोन भाग एकाच कारखान्याने एकमेकांसाठी घडविलेले असतात. मूळ बॉक्स झिजतो, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, किंवा मालकाला पॉवर स्टीअरिंगची सोय हवी असते. मग दुसरा बॉक्स आणला जातो आणि जुना कॉलम त्याला जुळत नाही.

जीपचे उदाहरण

अमेरिकेतील विलिस जीप हे याचे उत्तम उदाहरण. महायुद्धानंतरच्या सीजे मालिकेतील जीपगाड्यांना १९७१ पर्यंत रॉस बनावटीचा बॉक्स असे. त्यात खाचा पाडलेल्या दंडगोलावर एक तरफ फिरते. या बॉक्सचा दांडाच थेट वर जाऊन चाकाला मिळतो. म्हणजे कॉलम आणि बॉक्स असे दोन स्वतंत्र भाग तेथे नसतातच. १९७२ पासून सीजे जीपला सॅगिनॉ बनावटीचा बॉक्स बसू लागला. सॅगिनॉ हे मिशिगन राज्यातील शहर असून जनरल मोटर्सचा स्टीअरिंग विभाग तेथे होता. या बॉक्समध्ये स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात. त्यामुळे घर्षण कमी होते आणि चाक हलके फिरते.

जुन्या जीपला सॅगिनॉ बॉक्स बसविण्याची प्रथा अमेरिकेतील हौशी मंडळींत त्यामुळेच रूढ झाली. मात्र रॉस बॉक्स चालकाच्या पायांजवळ, चासीच्या बाजूला असतो, तर नवा बॉक्स बहुधा आणखी पुढे बसवावा लागतो. मूळ अखंड दांडा तेथवर पोहोचत नाही आणि त्याचा कोनही जुळत नाही. म्हणून स्वतंत्र कॉलम, मधला दांडा आणि सांधे अशी नवी साखळी उभी करावी लागते.

दात्यांचे गणित

बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या टोकावर बारीक उभे दाते असतात. त्यांना स्प्लाइन म्हणतात. त्यांची ओळख दोन आकड्यांनी होते : व्यास आणि दात्यांची संख्या. सॅगिनॉ बॉक्सांमध्येच पाऊण इंच व्यास व ३० दाते, तसेच १३/१६ इंच व्यास व ३६ दाते अशी वेगवेगळी मापे आढळतात. सांध्यांच्या बाजारात पाऊण इंच व ३६ दाते हेही माप मिळते. फसगत नेमकी येथेच होते. व्यास सारखा, दाते वेगळे, असा सांधा हातोडीने ठोकला तर थोडासा आत जातोही. पण त्याचे दाते एकमेकांत बसलेले नसतात, ते एकमेकांना चिरडत असतात.

म्हणून व्यास व्हर्निअरने मोजावा आणि दाते खडूची खूण करून मोजावेत. टोकाला एका बाजूस सपाट भाग असेल तर अर्ध्या परिघातील दाते मोजून दुप्पट करावेत. कॉलमच्या खालच्या टोकाला दाते असतीलच असे नाही. अनेकदा तेथे दोन बाजूंनी सपाट केलेला दांडा असतो. इंग्रजी ‘डी’ हे अक्षर दोन्हीकडून चिकटवावे तसा त्याचा छेद दिसतो, म्हणून त्याला ‘डबल डी’ म्हणतात. एका बाजूला ३० दाते आणि दुसऱ्या बाजूला पाऊण इंची डबल डी, असे दुहेरी मापाचे तयार सांधे मिळतात. विजोड भाग जोडण्याचा राजमार्ग तोच आहे.

कोन आणि सांधे

दोन दांडे एका रेषेत नसतील तर युनिव्हर्सल जॉइंट वापरावा लागतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याच्या मधल्या भागाला ‘क्रॉस’ म्हणतात. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्या नावाने तो ओळखला जातो. या सांध्याचा एक स्वभावदोष आहे. चाक सारख्या गतीने फिरविले, तरी पुढचा दांडा एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन १५ अंशांचा असेल तर हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहतो आणि हाताला जाणवत नाही. कोन ३० अंशांवर गेला की गती १३ टक्के मंद ते १५ टक्के जलद अशी बदलू लागते. वळणावर चाक मध्येच हलके, मध्येच जड लागते. एका सांध्यावर ३० अंशांहून जास्त कोन टाकू नये, हा संकेत त्यातूनच आला आहे.

कोन त्याहून मोठा असेल तर दोन सांधे घालून तो सारखा वाटून द्यावा. मधल्या दांड्यावरील दोन्ही काटे एकाच पातळीत असावेत. मग पहिल्या सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढतो. काटे एकमेकांशी काटकोनात बसले तर चूक दुप्पट होते. वाटेत इंजिन किंवा एक्झॉस्टचा पाइप आडवा आला तर तिसरा सांधा लागतो. तेव्हा मधल्या दांड्याला चासीवर घट्ट बसविलेल्या बेअरिंगचा आधार अनिवार्य ठरतो. आधार नसेल तर दांडा फिरण्याऐवजी बाजूला झुकतो आणि चाकाची हालचाल बॉक्सपर्यंत नीट पोहोचतच नाही.

अनेक जुन्या गाड्यांत बॉक्सजवळ रबर आणि कापडाच्या थरांची चकती असते. ती रस्त्याचे हादरे गिळते, पण एकदोन अंशांपलीकडचा कोन पेलणे तिचे काम नाही. तिला युनिव्हर्सल जॉइंटसारखे वाकविले तर ती चिरत जाते. शिवाय काही गाड्यांत हॉर्नचा अर्थिंग मार्ग याच दांड्यातून जातो. रबर वीज वाहू देत नसल्याने तेथे जोडतार टाकावी लागते. नव्या जोडणीनंतर हॉर्न मुका झाला तर प्रथम हीच तार पाहावी.

छातीवर रोखलेला भाला

अखंड दांड्याचा सर्वांत मोठा धोका समोरासमोरच्या टकरीत असे. बॉक्स मागे ढकलला गेला की दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येई. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून आघात सोसून दबणारे कॉलम दिले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींसाठी तसा नियमही आला. ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या टकरीत कॉलम १२७ मिलिमीटरहून जास्त मागे येता कामा नये, अशी त्यातील अट आहे.

विजोड भाग जोडताना ही सुधारणा जुन्या गाडीतही साधता येते. मधला दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन भागांचा घ्यावा. दोन सांध्यांमुळे मार्गात कोन आला की टकरीचा जोर सरळ वर येत नाही. धावताना चासी पिळवटते आणि बॉडी आपल्या रबरी आधारांवर डोलते. त्यामुळे होणारा लांबीतील लहानसा फरकही हा सरकता दांडा सामावून घेतो.

वेल्डिंगचा मोह

दोन दांडे लेथवर सारखे करून वेल्डिंगने चिकटविले की काम झाले, असा सल्ला स्वस्त असतो. दात्यांचे पोलाद कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा भाग ठिसूळ होऊ शकतो आणि त्यातील भेग वरून दिसत नाही. तयार सांध्यातील सुईसारखी बेअरिंगही त्याच उष्णतेने निकामी होतात. दात्यांनी आणि बोल्टने धरलेला सांधा उघडून तपासता येतो. वेल्डिंगवर केवळ विश्वास ठेवावा लागतो.

सांधा बसविताना दांडा काट्यात पूर्ण शिरावा, पण मधल्या क्रॉसला टेकू नये. दांड्यावर छोटा खड्डा पाडून स्क्रूचे टोक त्यात बसवावे आणि वरून लॉकनट आवळावा. जोडणीपूर्वी बॉक्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजून तो बरोबर मध्यावर आणावा, कारण बॉक्समधील ढिलाई मध्यावरच सर्वांत कमी ठेवलेली असते. पुढची चाके सरळ आणि हातातले चाकही सरळ असतानाच सांधा आवळावा. मग गाडीचा पुढचा भाग उचलून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. कोठे घासते का, अडते का, हे दुसऱ्या माणसाने खालून पाहावे. बॉक्स उलट बाजूने बसला असेल तर चाक उजवीकडे वळविल्यावर गाडी डावीकडे वळते. ही चूकही याच वेळी पकडली जाते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायद्याची चौकट

भारतात अशा बदलांना कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ बनावटीहून वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ मान्य केला. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण ते मूळ रूपात असावे आणि चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नवा बॉक्स बसविण्यासाठी चासी कापण्यापूर्वी मालकाने याचा विचार करायला हवा. आधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे केव्हाही श्रेयस्कर.

जुन्या गाडीच्या पुनर्बांधणीत रंग आणि क्रोम यांवर लाखो रुपये खर्च होतात. स्टीअरिंगचा सांधा मात्र मुठीत मावेल एवढा असतो आणि बॉनेट उघडल्यावरही चटकन दिसत नाही. काटकसर करायचीच असेल तर ती रंगात करावी, या सांध्यात नव्हे.