ऑर्फियस : प्रतीकवादी चित्रकलेतील

ग्रीक पुराणकथांतील थ्रेसचा गायक आणि लायर या तंतुवाद्याचा वादक. त्याच्या गाण्याने श्वापदे शांत होत, झाडे-खडकही ओढले जात, अशी ख्याती. लग्नाला फार काळ लोटला नव्हता, तोच पत्नी युरिडिसी सर्पदंशाने गेली आणि तिला परत आणायला तो जिवंतपणी पाताळात उतरला. मृतांचा राजा गाण्याने द्रवला; मात्र वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, अशी त्याने अट घातली. उजेड जवळ आला आणि ऑर्फियसने वळून पाहिले. युरिडिसी दुसऱ्यांदा, आणि कायमची, गेली. पुढे थ्रेसमधील उन्मत्त स्त्रियांनी त्याच्या देहाचे तुकडे केले. हेब्रस नदीत पडलेले त्याचे मस्तक वाहता वाहताही बोलत राहिले. व्हर्जिलच्या काव्यात त्याच्या ओठांवर युरिडिसीचेच नाव आहे. ऑव्हिड ते मस्तक आणि लायर लेसबॉस बेटाच्या किनाऱ्याला लागल्याचे सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही कथा पॅरिसच्या रंगभूमीवर गाजत होती. 1858 मध्ये ऑफेनबाखने तिच्यावर विनोदी संगीतिका केली. पुढच्याच वर्षी ग्लुकची जुनी संगीतिका बर्लिओझने नव्याने सिद्ध केली आणि पोलीन व्हियार्दो या गायिकेने ऑर्फियसची भूमिका केली. नाटकाला हवा असतो तो वळून पाहण्याचा क्षण. प्रतीकवादी चित्रकारांनी बहुधा तो सोडून दिला आणि सारे घडून गेल्यानंतरची शांतता रंगवली. त्यामुळे त्यांच्या चित्रांत युरिडिसी सहसा दिसतच नाही. तिचे नसणे हाच चित्राचा विषय होतो.

याची सुरुवात ग्यूस्ताव्ह मोरोच्या (1826–1898) 1865 मधील ‘ऑर्फियस’ने झाली. कवी झाँ मोरेआसने ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला 1886 मध्ये, म्हणजे हे चित्र त्याच्या एकवीस वर्षे आधीचे. भरजरी वस्त्रातील एक थ्रेशियन मुलगी लायरवर ठेवलेले मस्तक दोन्ही हातांनी तोलून उभी आहे. ही मुलगी व्हर्जिलकडे नाही, ऑव्हिडकडेही नाही. ती मोरोची स्वतःची भर. रक्त, आक्रोश, विस्कटलेले केस यांतले काही चित्रात नाही. तिची नजर खाली झुकली आहे, त्याचे डोळे मिटलेले आहेत, आणि दोन चेहरे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पाहणाऱ्याला आपण चोरपावलांनी आलो असे वाटावे. मागे संध्याप्रकाशातले खडक लिओनार्दोची आठवण देतात. एका खडकावर मेंढपाळ वाद्ये वाजवत आहेत, तर खाली कोपऱ्यात दोन कासवे आहेत. पहिली लायर हर्मीसने कासवाच्या पाठीपासून बनवली, ही कथा ध्यानात घेतली की त्या कासवांचा अर्थ उलगडतो: गायक संपला, गाण्याचे मूळ जिवंत आहे. पॅरिसच्या सालों या प्रदर्शनात 1866 मध्ये मांडलेले हे चित्र फ्रेंच सरकारने विकत घेतले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

मोरोनंतर छिन्न मस्तक हा प्रतीकवाद्यांचा आवडता विषय झाला. बेल्जियमच्या झाँ देल्व्हीलने 1893 मध्ये ते लायरसह निळ्या-हिरव्या पाण्यावर तरंगत ठेवले. चेहऱ्यासाठी त्याने आपली पत्नी मारी हिला समोर बसवले होते. विरहात तुटलेल्या पुरुषाला बायकोचा चेहरा देणे ही त्या चित्रातली सर्वांत हळवी गोष्ट आहे. चित्राच्या गुळगुळीत सफाईकडे पाहताना ती निसटू देऊ नये. आलेक्सांद्र सेआँने 1896 च्या ‘ऑर्फियसचा विलाप’मध्ये त्याला समुद्रकाठच्या दगडांत आडवा, हाताने तोंड झाकलेला दाखवला. ओदिलाँ रदाँचे याच विषयावरचे पेस्टल साधारण 1903 ते 1910 दरम्यानचे असून सध्या क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. बरीच वर्षे कोळशाच्या काळ्या रंगात रमलेल्या रदाँने तिथे मस्तकाभोवती जांभळ्या-गुलाबी रंगांची नुसती उधळण केली आहे, आणि दुःख त्या रंगांत विरघळू दिले आहे.

मोरो स्वतः या कथेकडे पुन्हा वळला तो वेगळ्या कारणाने. पंचवीसहून अधिक वर्षांची त्याची सखी आलेक्सांद्रीन द्युरो 1890 मध्ये वारली. दोघांनी लग्न केले नव्हते. त्यानंतर लगेच त्याने ‘युरिडिसीच्या समाधीपाशी ऑर्फियस’ रंगवले. शरदातल्या मावळत्या, तांबूस प्रकाशात ऑर्फियस झाडाशी कोसळला आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची रत्नजडित कलाकुसर इथे गळून पडली आहे; विस्तीर्ण निसर्गात माणूस अगदी लहान झाला आहे. 1865 चे चित्र अधिक प्रसिद्ध असले, तरी शोकाचे खरे वजन या चित्रात आहे.

मोरोने घर आणि कलासंग्रह फ्रेंच राष्ट्राला दिला. पॅरिसमधील ला रोशफुको रस्त्यावरचे ते घर 1903 मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. समाधीपाशी बसलेल्या ऑर्फियसचे चित्र तिथेच आहे. त्याच घरात मोरोने आलेक्सांद्रीनचे सामान जपून मांडलेली एक लहान खोलीही आहे.