शय्यामूत्र

पाच वर्षांपुढील मुलास झोपेत नकळत, वारंवार अंथरुणात लघवी होण्याचा विकार (पहा : मूत्राशय). मनोविश्लेषणाने त्याचे मूळ बरेचदा आईच्या शिस्तीत वा दुराव्यात शोधले. पुरावा मात्र शरीराकडे बोट दाखवतो. पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलांत तो आढळतो, मुलग्यांत अधिक. आईवडिलांपैकी एकास बालपणी तो असल्यास शक्यता वाढते, दोघांना असल्यास आणखी. रात्री लघवी घटवणाऱ्या संप्रेरकाची उणीव, मूत्राशयाची अपुरी धारणक्षमता आणि मूत्राशय भरूनही न मोडणारी झोप ही प्रमुख कारणे (पहा : संप्रेरके).

सहा महिने कोरडे राहिलेले मूल धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर पुन्हा अंथरूण ओले करते, हा आक्षेप रास्त आहे. पण तो दुय्यम प्रकार होय, आणि तेथेही बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग व मधुमेह आधी तपासावे लागतात. नात्यातला ताण बहुधा परिणाम असतो : रोज गोधडी धुणारी आई चिडते, मूल ओली चड्डी दडवते. शिक्षेने लाजच तेवढी वाढते. मॉवरर दांपत्याने १९३८ मध्ये वर्णिलेली, ओल लागताच घंटा वाजवणारी योजना आजही प्रमुख उपचारांत मोडते. डेस्मोप्रेसिन हे औषधही वापरतात.