पिल्लाचे जंत : अहवाल निर्दोष असूनही औषध का दिले जाते?

घरात कुत्र्याचे नवे पिल्लू आले की पशुवैद्य दोन गोष्टी सांगतो : विष्ठेचा नमुना तपासून घ्यावा आणि जंताचे औषध सुरू करावे. तपासणीत काही आढळले नाही तरी औषध थांबत नाही, आणि औषध संपल्यावर पुन्हा नमुना मागितला जातो. पाळणाऱ्याला यात विसंगती दिसते. क्वचित व्यवहाराचा संशयही येतो. त्या संशयाचे उत्तर कृमींच्या जीवनक्रमात आहे.

पिल्लांत सर्वाधिक आढळतो तो गोलकृमी, शास्त्रीय नाव टोक्सोकारा कॅनिस. कुत्रीच्या स्नायूंत त्याच्या अळ्या सुप्तावस्थेत राहतात. गर्भावस्थेच्या अखेरच्या काळात त्या जाग्या होऊन वारेतून गर्भात शिरतात, काही पुढे दुधावाटे जातात. म्हणजे पिल्लू जन्मतःच बाधित असू शकते. ते बाहेर फिरले नाही, मातीत खेळले नाही, हा बचाव येथे चालत नाही. नेहमीच्या मात्रेतील औषध या सुप्त अळ्यांपर्यंत पोहोचत नसल्याने आईला औषध दिले होते, एवढ्यानेही निश्चिंत होता येत नाही. पिल्लाच्या आतड्यात कृमी वाढून अंडी घालू लागेपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात. तोपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही.

अंकुशकृमीच्या बाबतीत हा विलंब प्राणावर बेततो. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि त्यांच्या अळ्याही दुधावाटे येतात. हिरड्या पांढुरक्या पडलेले, मलूल पिल्लू विष्ठेत पहिले अंडे दिसण्याआधीच दगावू शकते. म्हणूनच उष्ण प्रदेशांतील पाळीव प्राण्यांच्या परजीवींवर काम करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाची शिफारस अहवालाची वाट पाहत नाही : दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा औषध. मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण औषधाचा मारा मुख्यतः आतड्यातील कृमींवर होतो. शरीरात भटकणाऱ्या अळ्या मागाहून तेथे येतात.

मग तपासणी कशासाठी? कारण सर्व परजीवी एकाच औषधाला बधत नाहीत. नेहमीच्या जंतनाशकाचा कॉक्सिडियावर परिणाम होत नाही. त्यासाठी वेगळे औषध लागते. जिआर्डिया विष्ठेत रोज उतरत नाही, त्यामुळे एकाआड एक दिवसाचे तीन नमुने मागणारा पशुवैद्य अतिरेक करीत नसतो. पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमीचे तांदळासारखे तुकडे पाळणाऱ्याला शेपटीखाली दिसतात, पण प्रयोगशाळेच्या तपासणीत अनेकदा निसटतात. अशा वेळी घरच्यांनी सांगितलेली खूण अहवालाहून मोलाची ठरते. उलटही घडते : पिल्लाने दुसऱ्या प्राण्याची विष्ठा खाल्ली असेल तर परकी अंडी केवळ पोटातून पार होऊन नमुन्यात दिसतात. औषधोत्तर तपासणीलाही अर्थ आहे. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाऊंड कुत्र्यांत अनेक औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी आढळले आहेत. नमुना मात्र ताजा हवा. उन्हात वाळलेली विष्ठा पुडीत बांधून नेण्यात अर्थ नाही.

रक्ताचे जुलाब म्हणजे जंतच, हा समज सर्वांत घातक. पार्व्हो विषाणूचा आजारही तसाच दिसतो आणि त्यात जंताच्या गोळीवर घालवलेला एक दिवस महाग पडतो.

धार-देवास परिसरात गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घरात असणे अशक्य नाही. ते अंदाजाने पिल्लाला टोचणे हा जुगार आहे. गुरांसाठीच्या तीव्र द्रावणाचा थेंबभर फरकही इवल्या पिल्लाला विषारी ठरू शकतो. शिवाय कोली आणि तत्सम जातींत एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचते. हा दोष २००१ मध्ये उलगडला. संकरित पिल्लाकडे नुसते पाहून तो ओळखता येत नाही.

विश्वास ठेवायचा तो कोणावर, हे कायद्याने बरेच स्पष्ट केले आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यालाच हा व्यवसाय करता येतो. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. या भागाला विद्येची उणीवही नाही : महूचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ पासून धारच्या शेजारच्या इंदूर जिल्ह्यात चालत आले आहे. पण पदवीइतकीच वागणूक पाहावी. चांगला पशुवैद्य पिल्लाचे वजन करतो, आईविषयी विचारतो, हिरड्या पाहतो, औषधाचे नाव आणि पुढची तारीख कार्डावर लिहून देतो, आणि अहवाल निर्दोष असताना औषध का, याचे कारण सांगतो. वजन न करता सुई उचलणाऱ्याला मात्रा कशी ठरवली, असे अवश्य विचारावे. उत्तर मिळाले नाही तर दुसरा दवाखाना शोधावा.

हा प्रश्न पिल्लापुरता नाही. १९५० मध्ये अमेरिकेत शल्यक्रियेने काढलेल्या मुलांच्या डोळ्यांत कृमींच्या अळ्या आढळल्या. त्यांतील अनेक पुढे टोक्सोकाराच्या असल्याचे स्पष्ट झाले. मातीतली अंडी हातांवाटे मुलांच्या पोटात जातात आणि अळ्या यकृत, फुप्फुस, डोळा असा प्रवास करतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, म्हणून माळव्यातल्या पावसाळ्यात अंगणाची काळजी अधिक. टोक्सोकाराची अंडी फिनाईलने मरत नाहीत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मात्र ताज्या विष्ठेतील अंडे लगेच बाधक नसते, त्याला तसे होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. अंकुशकृमीच्या अळ्या त्याहून लवकर, आठवड्याभरातच तयार होतात. रोजच्या रोज विष्ठा उचलून खोल पुरणे आणि मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावणे, एवढे काम पशुवैद्याकडे न जाता घरीच करता येते.