मागच्या चाकाचा हिशेब

बेळगावच्या जुन्या गॅरेजांच्या आठवणी निघाल्या की मी ऐकून घेतो आणि गप्प बसतो. कारण माझ्या आठवणीत माझीच एक चूक आहे. आता पंच्याहत्तरीला आलो, म्हटलं लिहून टाकावी. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१९७८ साली मी बँकेत क्लार्क होतो आणि नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यांची टिळकवाडीत एक फिएट होती, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. ही कंपनी आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली. दुसरी गाडी म्हणजे अँबॅसडर. ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनायची. दोन्ही गाड्यांना मागे एकच अखंड एक्सल, खाली दोन बाजूंना पाटे. त्यामुळे मागची चाकं जुळवायची असतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. अलाइनमेंट म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं, फरक बघायचा आणि टाय रॉड फिरवायचा. दोरी, पट्टी आणि मिस्त्रीचा डोळा, एवढंच सामान.

टायर एकसारखे झिजावेत म्हणून सासरे दर काही महिन्यांनी ते आलटून-पालटून लावायचे, स्टेपनीसकट पाच. स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला केलाय की तो गावाकडचाच वाटतो. पण तो वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला होता.

तर त्या फिएटचे टायर त्या वर्षी भलतेच झिजायला लागले. सासऱ्यांनी मला गाडी घेऊन शहापूरकडच्या त्यांच्या मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्रींनी गाडीखाली डोकंसुद्धा घातलं नाही. पोराला सांगून रस्त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, ह्यातनं सरळ चालवा बघू. स्टिअरिंग हलवू नका."

मी चालवली. कोरड्या रस्त्यावर चाकांचे ओले माग उमटले. डावीकडे मागच्या चाकाचा माग पुढच्याच्या बाहेर पडला होता, उजवीकडे तेवढाच आत. "बघा, गाडी खेकड्यागत चालतीय की!" मिस्त्री म्हणाले. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला होता आणि एक्सल एका बाजूनं मागे सरकला होता. अर्ध्या दिवसात काम झालं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

१९९६ साली मी उद्यमबागेच्या बाजूच्या एका शाखेत कर्जाचं काम बघत होतो. त्याच मिस्त्रींचा मुलगा प्रपोजल घेऊन आला. बापाचं गॅरेज त्याच्याकडे आलं होतं आणि त्याला कॉम्प्युटरवर चालणारं अलाइनमेंट मशीन घ्यायचं होतं, चारही चाकांना सेन्सर लावणारं. मी विचारलं, "मागच्या चाकांना कशाला? ती तर फिक्स असतात." तो म्हणाला, "साहेब, नवीन गाड्या येतायत. मागची चाकं सुटी-सुटी आहेत त्यांची. पुढं हेच लागणार."

मी गावातल्या गाड्या मोजल्या. फिएट, अँबॅसडर, मारुती ८००, ओम्नी. सगळ्यांचे मागचे एक्सल अखंड. कागदावर माझं बरोबरच होतं. मी दोन सेन्सरच्या मशीनपुरतं कर्ज मंजूर केलं आणि शेरा मारला की उरलेला खर्च अनावश्यक आहे. तो काही बोलला नाही. सही करून गेला. मला त्या दिवशी बँकेचे पैसे वाचवल्याचं समाधान वाटलं.

आता २००९ चा जुलै. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. माझी गाडी नव्या पद्धतीची, मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली. मंगेशीचं दर्शन घेऊन चोर्ल्याच्या रस्त्यानं परत येत होतो. शेजारी सौ., मागच्या सीटवर सात वर्षांचा नातू झोपलेला. पावसाची झड लागली होती. कणकुंबीच्या अलीकडच्या एका वळणावर ब्रेकला जरा पाय लावला आणि गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर फेकला गेला. पुढची चाकं रस्त्यावर, मागची रस्ता सोडून. गाडी गर्रकन फिरली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत अडकली. कुणाला खरचटलंही नाही. डोंगराच्या ऐवजी दुसऱ्या बाजूला गेली असती तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

खाली उतरून मागचे टायर बघितले. बाहेरून चांगली नक्षी होती. आतल्या कडेला हात घातला तर डाव्या टायरचे दोरे हाताला लागले. उजवाही आतून गुळगुळीत. मी दर रविवारी गाडी धुताना टायर बघत होतो, पण फक्त बाहेरून.

गाडी त्याच गॅरेजला नेली. मुलगा आता पन्नाशीचा. त्यानं चारही चाकांना सेन्सर लावले. मी बघतच राहिलो. "हे मशीन कधी घेतलंस?"

"दोन वर्षं झाली साहेब. गिऱ्हाईक कोल्हापूरला जायला लागलं होतं. पतसंस्थेतनं कर्ज काढलं. व्याज जरा जास्त पडलं."

बँकेचं नाव त्यानं काढलं नाही. मागच्या आर्मचा बुश गेला होता आणि डावं चाक बाहेरच्या बाजूला तोंड करून चाललं होतं, वरून थोडं आत कललेलंही. दोन्ही मिळून टायरची आतली कड खात होते. मी म्हटलं, "अरे, पण मी दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करतो. स्टिअरिंग सरळ असतं."

तो म्हणाला, "तेच तर. मागचं चाक वाकडं असलं की स्टिअरिंग डावीकडं धरावं लागतंय. मग गॅरेजवाला टाय रॉड फिरवून स्टिअरिंग तेवढं सरळ करून देतो. तक्रार गेली, दोष तसाच." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या बाबांनी तुम्हाला पाण्याचे माग दाखवले होते की, साहेब."

मी बी.कॉम. माणूस. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नसतं. दोन चुका एकमेकींना झाकतात, हे मी नव्या क्लार्कांना जन्मभर शिकवलं. तीच चूक माझ्या गाडीत होती, आणि तेरा वर्षांपूर्वीच्या माझ्या शेऱ्यातही. मी आजच्या गाड्या मोजल्या आणि पंधरा वर्षं चालणाऱ्या मशीनला कात्री लावली. त्या माणसाचं गिऱ्हाईक गेलं ते माझ्या सहीनं. त्याला तिथंच तसं म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "चहा घ्या."

त्यानं शिकवलं ते तुमच्यासाठी लिहितो. आधी हवा, बेअरिंग आणि बुश तपासायचे, मगच अलाइनमेंट. आधी मागची चाकं, नंतर पुढची. उलटं करणं म्हणजे ओपनिंग बॅलन्स चुकलेलं असताना महिन्याचा हिशेब जुळवत बसणं. काही गाड्यांना मागे फिरवून जुळवायचा बोल्ट असतो. ज्यांना मागे एकच जोडलेला बीम असतो त्यांना सहसा तो नसतो. तिथे हबच्या मागे पातळ पाचर घालतात किंवा वाकलेला भाग बदलतात. "मागं काही करता येत नाही" असं कुणी म्हणालं तरी निदान माप घ्यायला लावा आणि कागद मागून घ्या.

एक हिशेब मी घरी येऊन केला. चाक धावण्याच्या दिशेला फक्त एक अंश तिरकं असेल, तर दर किलोमीटरला सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासतं. बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर धरलं, तर जवळजवळ सहा किलोमीटर टायर नुसता फरफटत जातो.

झीज वाचायला शिका. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे हवा कमी, एकाच कडेला म्हणजे चाक वाकडं. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की कायद्यानंही टायर बाद. आणि दोनच नवे टायर घेतलेत तर ते मागे लावा. मी काटकसर म्हणून पुढे लावले होते. पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतं, मागचं घसरलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

नातू आता बंगळूरला नोकरीला आहे, स्वतःची गाडी चालवतो. गावी आला की मी आधी खाली वाकून मागच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवतो. तो म्हणतो, "आजोबा, परत?" हो बाबा, परत.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीची आणि मिस्त्रींची आठवण असेल तर जरूर लिहा. आणि आज संध्याकाळी एकदा मागच्या चाकाच्या आत हात घालून बघा.