हृदयाच्या वाटेने डोळ्यात

खारघर आता पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतं. तिथे श्री सत्य साई संजीवनीत लहान मुलांच्या हृदयावर उपचार होतात. पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा. हृदयाचा पेशंट एकीकडे, डोळ्यांचा दुसरीकडे, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. पण बायपास किंवा अँजिओप्लास्टी नीट पार पडूनही क्वचित एखाद्याची नजर जाते, आणि नातेवाइकांना कळेनासं होतं की छातीवरच्या इलाजाचा डोळ्याशी संबंध काय.

संबंध जुना आहे. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगापुढे आणलं. आठ वर्षांनी, १८५९मध्ये, बर्लिनच्या फॉन ग्रेफने अचानक नजर गेलेल्या एका रुग्णाचा डोळा तपासला. त्याच्या हृदयाला आतून सूज होती. तिथून सुटलेला कण डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मुख्य धमनीत अडकला होता. तेव्हा हृदयाला कुणी हात लावत नव्हतं. पुढे १९४८पासून सर्जन आवळलेली मायट्रल झडप बोट घालून मोकळी करू लागले, आणि हृदयाच्या कप्प्यात साचलेली गुठळी आपल्याच बोटाने सुटेल ही धास्ती आली. मुंबईत केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पिढीने हीच जोखीम घेतली.

१९५३मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया यशस्वी केली. १९५५च्या सुमारास मिनेसोटात डीवॉल आणि लिलेहाय यांनी स्वस्त, सोपा ऑक्सिजनेटर बनवला: रक्तातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, मग फेस मारायचा. असंख्य जीव त्याने वाचवले. रक्ताबरोबर शरीरात आणखी काय जातं, हे मात्र दिसत नव्हतं. ते दाखवलं डोळ्याने. १९८६मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ब्लॉथ आणि सहकाऱ्यांनी छाती उघडी असलेल्या, मशीनवरच्या रुग्णाच्या डोळ्यावर कॅमेरा धरला, शिरेतून चमकणारा रंग सोडला आणि पडद्याचे फोटो काढले. बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद पडल्या होत्या. पुढच्या तुलनेत बुडबुड्यांच्या मशीनवरच्या सगळ्या रुग्णांत हे आढळलं, पातळ पटलाच्या ऑक्सिजनेटरवर जवळपास निम्म्यांत. बहुतेकांना नजरेत फरक जाणवलाही नसेल. पण जे पडद्यात घडतं तेच मेंदूतही घडत असणार. बुडबुड्यांची मशीन मागे पडण्यात या फोटोंचाही वाटा होता, असं मी मानतो.

नजर जाण्याची दुसरी तऱ्हा गुठळीविनाच घडते. मशीनवर बराच वेळ गेला, हिमोग्लोबिन घसरलं, रक्तदाब उतरला की डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला रक्त कमी पडतं. गुंगी उतरल्यावर, कधी एक-दोन दिवसांनी, पेशंट म्हणतो, ‘एका डोळ्याने दिसत नाही.’ या नसेला रक्त कुठून मिळतं याचा सर्वांत चिवट अभ्यास पंजाबात जन्मलेल्या डॉ. सोहनसिंग हायरे यांनी केला.

तिसरी तऱ्हा अँजिओप्लास्टीतली. १९७७मध्ये झुरिकला ग्रुंटझिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. मांडीतून किंवा मनगटातून सरकणारी नळी महाधमनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर खरवडू शकते. तिथून सुटलेले कोलेस्टेरॉलचे पिवळे, चकाकते कण हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१मध्येच पडद्यावर ओळखले होते. क्वचित नळीतून सोडलेल्या रंगद्रव्याने मेंदूचा मागचा भाग चाळवतो आणि दोन्ही डोळ्यांपुढे अंधार होतो. ही नजर बहुधा काही तासांत ते काही दिवसांत परतते.

अमेरिकेत १९९६ ते २००५च्या नोंदींत हृदयशस्त्रक्रियेच्या दर १०,००० रुग्णांमागे सुमारे ९ जणांची दृष्टी गेल्याचं आढळलं. इतक्या थोड्या प्रमाणासाठी ऑपरेशन टाळू नये. पण संमतिपत्रावर सही घेताना लकव्याबरोबर नजरेचाही उल्लेख तोंडी व्हावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. हायरे यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत रक्त बंद झाल्यावर पडदा सुमारे ९७ मिनिटं तग धरून राहिला. चार तासांनी नुकसान कायमचं झालं. त्यामुळे वॉर्डात पेशंटला एकेक डोळा झाकून विचारावं, आणि दिसत नाही म्हणाला तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच क्षणी ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगून नेत्रतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांना बोलवावं. खारघरहून पनवेलचं अंतर अर्ध्या तासाचं आहे.