पिस्तूल उघड्यावर बाळगणे

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर चारचौघांना दिसेल असे कमरेला लावून, हातात धरून किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून सार्वजनिक ठिकाणी वावरणे. भारतात परवानाधारकालाही याची मुभा नाही. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ प्रमाणे असे हत्यार अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. ते मिरवल्यास किंवा सार्वजनिक जागी गोळी झाडल्यास परवाना रद्द होऊ शकतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र उघड हत्यार बाळगणे कायदेशीर आहे.

हे नियम गावपातळीवर का लागतात, हे पाहायला ठाणे जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. मुरबाड तालुक्यातील टोकावडे हे कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. येथे ठाणे ग्रामीण पोलिसांचे ठाणे आहे. ग्रामीण भागाचा शस्त्रपरवाना पोलिसांचा अहवाल मागवून जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी देतात. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या परवान्याच्या अटींत असेही असते, की विशेष परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचे नाही. याच तालुक्यात पौष महिन्यात म्हसोबाची म्हसा यात्रा भरते. गुरांच्या बाजारात माणसाला माणूस खेटून चालतो, बैल बुजतात, मुले खांद्यावर असतात. तिथे कमरेला लावलेले पिस्तूल कोणाच्याही हाताच्या टप्प्यात असते. ही अट का घातली असेल, हे त्या गर्दीत उभे राहिले की कळते.

उघड्या पिस्तुलाच्या धोक्यांत सर्वांत कमी बोलला जाणारा धोका गोळी न सुटताच होतो. फार्महाउसे, गोदामे आणि समृद्धी महामार्ग यांमुळे शहापूर-मुरबाडकडच्या जमिनीला भाव आला, आणि भावाबरोबर वहिवाटीचे, हिश्शांचे, कुंपणाचे तंटेही आले. बांधावर मोजणी चालू असताना समोरच्याच्या कमरेला पिस्तूल दिसले, की गरीब खातेदार आपली हरकत गिळून टाकतो. कोणी धमकी दिलेली नसते, पंचनाम्यात लिहावे असे काही घडलेले नसते, तरी जमीन हातची जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये धाकदपटशाला शिक्षा आहे. पण ज्याला धाक बसला, त्यानेच तक्रार द्यायला पुढे यायचे असते. उघडे पिस्तूल नेमके तेच होऊ देत नाही, आणि म्हणूनच ते केवळ रुबाबाचे साधन समजणे चूक आहे.

हत्यार हाताशी असले की वाद किती लवकर रक्तापर्यंत जातो, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. कारण द्वारली येथील जमिनीचा वाद. महेश गायकवाड आणि त्यांचा सहकारी जखमी झाले. सीसीटीव्हीतले चित्रण राज्यभर पाहिले गेले. पोलीस ठाण्यातच ही गत, तर बांधावर किंवा ढाब्यावर अडवणार कोण? टोकावड्याहून जखमीला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कल्याण-उल्हासनगर गाठायचे, तर अंतर पन्नासएक किलोमीटर.

पिस्तूल मालकाच्याच हातात राहील, याचीही खात्री नसते. हिललाइनच्या घटनेनंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची बोरिवलीत फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते.

यांत्रिक धोका वेगळाच. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोड्याची टोकदार पिन थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असते. हत्यार घोड्यावर आपटले, तर चाप न ओढताही बार उडतो. म्हणून जाणकार घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे सांगण्यात आले. जे घरात घडले, ते एसटीत चढताना किंवा मोटारसायकलवर टांग टाकताना घडले, तर गोळी दुसऱ्याला लागते.

चांगल्या हेतूचा उघडा शस्त्रधारीही घोटाळा वाढवतो. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ ला मोर्चाच्या वेळी एका हल्लेखोराने पाच पोलिसांना मारले. मोर्चात काही जण उघड रायफली घेऊन आले होते. त्यांतल्याच एका निर्दोष माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केला. गोळीबार सुरू झाल्यावर रक्षक कोण आणि हल्लेखोर कोण, हे कपाळावर लिहिलेले नसते.

महाराष्ट्रात हत्यार मिरवण्याची हौस आता रीलवर उतरली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमधले पिस्तुले नाचवणारे व्हिडिओ चर्चेत आले. त्या एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने होते, हेही तेव्हा पुढे आले. शंभरावर परवाने रद्द झाले. वास्तविक शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार पहिल्यापासूनच आहे. लग्नात, वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गावठी कट्ट्याला तर परवानाच नसतो. तो झाकलेला असो वा उघडा, बाळगणे हाच गुन्हा.

निवडणुकीच्या काळात छाननी समिती ठरवील ती परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. सणासुदीला किंवा तणावाच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. एरवीही शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी हत्यार बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. पिस्तूल मिरवणारा दिसल्यास त्याच्याशी हुज्जत घालू नये, अंतर ठेवून ११२ वर कळवावे.